हरळीवरून ड्रोन : गोल्फ मैदानाच्या देखभालीसाठी सविस्तर कृती

अठरा होलच्या एका मैदानावर एका फेअरवेच्या (चेंडू मारत न्यायच्या लांब हिरव्या पट्ट्याच्या) डाव्या अंगाला दर उन्हाळ्यात गवत पिवळं पडायचं. तीन उन्हाळे तिथं खत पडत होतं, एकदा वरची मातीसुद्धा बदलून झाली. चौथ्या वर्षी साठ मीटरवरून फोटो काढला आणि भाकरीचा चतकोर मोडून घ्यावा तसा नेमका आकार दिसला. चतकोराचं टोक एका स्प्रिंकलरवर येऊन थांबत होतं. त्या हेडचा फिरण्याचा कोन कधीतरी कुणीतरी ३६० वरून २७० अंशांवर केला होता. दुरुस्तीला एक स्क्रूड्रायव्हर आणि पाच मिनिटं लागली.

जमिनीवर उभं राहिलं की पिवळं गवत दिसतं, पिवळ्याचा आकार दिसत नाही. गोल, कमान, सरळ रेघ, कोपरा हे आकार पाण्याचे, पाइपाचे, मोअरचे (गवत कापायच्या यंत्राचे) किंवा माणसाच्या चुकीचे असतात. वेडेवाकडे, कडा विरघळलेले आकार बहुधा मातीचे, रोगाचे किंवा किडीचे. ड्रोनची खरी कमाई ही एवढीच आहे, आणि ती मिळवायला फार महागडं यंत्र लागत नाही. लागते ती शिस्त. हा लेख मैदान सांभाळणाऱ्या सुपरिंटेंडंटसाठी आहे, क्लबच्या समितीतल्या उत्साही सभासदांसाठी आहे, आणि ऊस-द्राक्षांच्या शेतांवर ड्रोन उडवून आता गोल्फची कामं घेऊ लागलेल्या तरुणांसाठीही.

आधी प्रश्न, मग ड्रोन

कागदावर तीन प्रश्न लिहा. “मैदानाची पाहणी करायची आहे” हा प्रश्न झाला नाही. प्रश्न असे हवेत : एप्रिलमध्ये कुठल्या फेअरवेवर पाणी कमी पोचतं? आपल्या ग्रीन्सचं, म्हणजे भोकाभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळींचं, खरं क्षेत्रफळ किती? पावसाळ्यात चौदाव्या होलवर पाणी कुठून येतं आणि कुठे अडतं? किती उंचीवरून, कोणत्या महिन्यात, दिवसाच्या कोणत्या वेळी उडायचं, हे सगळं या प्रश्नांवरून ठरतं. प्रश्न नसेल तर वर्षअखेरीस हाती एक सुंदर व्हिडिओ आणि हार्ड डिस्कभर फोटो उरतात. असे क्लब मी पाहिले आहेत. व्हिडिओ संकेतस्थळावर छान दिसतो, गवताला त्याचा काही उपयोग नसतो.

आपलं मैदान नकाशात कोणत्या रंगात आहे?

यंत्र विकत घेण्याआधी हे बघा. ड्रोन नियम, २०२१ प्रमाणे देशाचं आकाश लाल, पिवळं आणि हिरवं अशा पट्ट्यांत वाटलेलं आहे आणि त्याचा नकाशा डिजिटल स्काय प्लॅटफॉर्मवर आहे. हिरव्या पट्ट्यात ४०० फुटांपर्यंत, म्हणजे १२० मीटरपर्यंत, उडायला वेगळी परवानगी लागत नाही. चालू विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात ही मोकळीक २०० फुटांपर्यंत, म्हणजे ६० मीटरपर्यंतच आहे. पिवळ्या पट्ट्यात हवाई वाहतूक नियंत्रणाची परवानगी, लाल पट्ट्यात केंद्र सरकारची.

आपल्याकडची नावाजलेली मैदानं नेमकी अडचणीच्या जागी आहेत. येरवड्याचं जुनं मैदान लोहगावच्या कुशीत, आणि लोहगाव हा विमानतळ तर आहेच, हवाई दलाचा तळही आहे. चेंबूरच्या मैदानाच्या आसपास अणुसंशोधन केंद्र, तेलशुद्धीकरण कारखाने, शिवाय मुंबईचं विमानतळ. खारघरला पूर्वी जे पाहून ठेवलं असेल ते विसरा. नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन ऑक्टोबर २०२५ मध्ये झालं, त्यामुळे नकाशा नव्याने उघडा. याशिवाय सणासुदीला, मोठ्या नेत्यांच्या दौऱ्यांच्या वेळी पोलीस आयुक्तालयं ड्रोनबंदीचे आदेश काढतात, मुंबईत तर वारंवार. प्रत्येक उड्डाणाआधी जवळच्या ठाण्यात एक पत्र देऊन पोच घेण्याची सवय लावून घ्या. कायद्याने ते दर वेळी लागेलच असं नाही, पण कुणी कुंपणापलीकडून फोन केला की ती पोच कामी येते.

वजनाची वर्गवारी अशी : २५० ग्रॅमपर्यंत नॅनो, त्यापुढे २ किलोपर्यंत मायक्रो, २ ते २५ किलो स्मॉल. नकाशे काढायची बहुतेक यंत्रं मायक्रो किंवा स्मॉलमध्ये मोडतात. यंत्राला विशिष्ट ओळख क्रमांक हवा, तिऱ्हाइताच्या नुकसानीचा विमा हवा. मायक्रो ड्रोन बिगर-व्यावसायिक कामासाठी उडवायला रिमोट पायलट प्रमाणपत्र लागत नाही, पण क्लबच्या पगारावरच्या माणसाने क्लबच्या मैदानावर उडवणं बिगर-व्यावसायिक आहे असा युक्तिवाद करत बसण्यापेक्षा एका माणसाला प्रमाणपत्र काढून द्या. वय १८ ते ६५, दहावी पास, आणि नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने मान्यता दिलेल्या संस्थेतलं प्रशिक्षण, एवढीच अट आहे. परदेशातून येणाऱ्या भाच्याला “येताना एक ड्रोन घेऊन ये” असं सांगू नका. तयार ड्रोनच्या आयातीवर फेब्रुवारी २०२२ पासून बंदी आहे.

मैदान लाल पट्ट्यात असेल आणि परवानगी मिळत नसेल, तरी हात बांधलेले नाहीत. युरोपच्या सेंटिनेल-२ उपग्रहांची चित्रं फुकट मिळतात, साधारण दर पाच दिवसांनी. त्यांचा एक ठिपका (पिक्सेल) १० मीटरचा. पाचशे चौरस मीटरच्या ग्रीनवर जेमतेम पाच ठिपके पडतात, म्हणजे ग्रीनसाठी ते निरुपयोगी. पण चारशे मीटर लांबीच्या फेअरवेवरचा कोरडा पट्टा त्यात पकडता येतो. ग्रीनसाठी आठ मीटरचा काठीसारखा लांब होणारा खांब घ्या आणि टोकाला मोबाइल लावा. दिसायला हास्यास्पद असतं, पण काम होतं.

यंत्र

यावर थोडक्यात. साधा रंगीत कॅमेरा असलेलं, ठरवलेल्या मार्गावर आपोआप उडणारं, २० मेगापिक्सेलच्या आसपासचं यंत्र पहिल्या वर्षाला पुरे. इलेक्ट्रॉनिकपेक्षा यांत्रिक शटर असेल तर उत्तम, कारण चालत्या ड्रोनवर इलेक्ट्रॉनिक शटरचा फोटो किंचित तिरका होतो. चार बॅटऱ्या तरी हव्यातच. अवरक्त प्रकाश टिपणारा मल्टिस्पेक्ट्रल कॅमेरा आणि उष्णता टिपणारा थर्मल कॅमेरा दुसऱ्या वर्षी, आणि तोही भाड्याने आणून बघून मगच विकत घ्या. विक्रेत्याच्या सादरीकरणातले लाल-हिरवे नकाशे पाहून समिती भारावते. त्या लाल रंगाचा अर्थ लावणारा माणूस क्लबमध्ये आहे का, हे त्या बैठकीत कुणी विचारत नाही.

पायाभूत नकाशा : हिशेब मांडून

पहिलं उड्डाण संपूर्ण मैदानाचं. पुढची प्रत्येक तुलना यावर होणार, म्हणून इथे घाई नको. अठरा होलचं, साठ हेक्टरचं मैदान धरू.

उंची ६० मीटर. एक इंची सेन्सरच्या २० मेगापिक्सेल कॅमेऱ्याला या उंचीवरून जमिनीवरचा साधारण १.६ सेंटिमीटर भाग एका ठिपक्यात मिळतो. एका फोटोत अंदाजे ९० बाय ६० मीटर जमीन येते. शेजारच्या दोन रांगांमध्ये ७० टक्के भाग सामाईक ठेवला की रांगांमधलं अंतर २७ मीटर. एकाच रांगेतल्या दोन फोटोंत ७५ टक्के सामाईक ठेवला की दर १५ मीटरला एक फोटो. साठ हेक्टर म्हणजे सहा लाख चौरस मीटर, त्याला २७ ने भागा : सुमारे २२ किलोमीटर उड्डाण आणि दीड हजार फोटो. सेकंदाला ७ मीटर वेगाने त्रेपन्न मिनिटं, वळणं धरून तासाभरापेक्षा थोडं जास्त. बॅटरीवर तीस मिनिटं लिहिलेलं असलं तरी सतरा-अठरा मिनिटांत परत बोलवायचं, म्हणून चार बॅटऱ्या. झाडी दाट असेल तर सामाईक भाग ८० टक्क्यांवर न्या, कारण हलणाऱ्या पानांची जुळणी करताना संगणक गोंधळतो.

शटर १/१००० सेकंदाच्या आसपास ठेवा. ७ मीटर वेगाला तेवढ्यात ड्रोन ७ मिलिमीटर सरकतो, ठिपक्याच्या निम्म्याहून कमी. १/२५० वर गेलात तर सरकण पावणेतीन सेंटिमीटर होते आणि अख्खा नकाशा धुरकट निघतो. व्हाइट बॅलन्स ‘ऊन’ वर पक्का करा. तो ऑटोवर राहिला तर मार्चचं हिरवं आणि मेचं हिरवं यांची तुलना करताना तुम्ही गवताची नाही, कॅमेऱ्याच्या मर्जीची तुलना करत असता. नवखे लोक सर्वांत जास्त इथेच फसतात.

वेळ सकाळी साडेनऊ ते साडेअकरा. त्याआधी झाडांच्या सावल्या लांब, त्यानंतर वारा वाढतो. मेच्या मध्यात पुणे-मुंबईकडे शून्य सावलीचे दिवस येतात. भर दुपारी सूर्य डोक्यावर आणि ड्रोन त्याच्या बरोबर खाली. त्या वेळी ड्रोनच्या स्वतःच्या सावलीभोवती एक उजळ डाग पडतो आणि तो प्रत्येक फोटोच्या मधोमध येतो. नकाशाभर ठिगळं लावल्यासारखं दिसतं. त्या आठवड्यात दुपारी उडूच नका.

ड्रोन उंची मोजतो ती उडाला त्या जागेपासून. खारघरसारखं डोंगराच्या पायथ्याशी वसलेलं मैदान असेल तर पंपहाऊसजवळून साठ मीटरवर गेलेला ड्रोन वरच्या टीवरून (पहिला फटका मारायच्या जागेवरून) तीस-चाळीस मीटरवरच असू शकतो. जमिनीच्या चढउताराप्रमाणे उडण्याची सोय चालू करा, किंवा मैदानाचे वरचे आणि खालचे असे दोन भाग करा.

जमिनीवरच्या खुणा

साध्या ड्रोनच्या जीपीएसमध्ये काही मीटरचा फरक पडतो, उंचीत त्याहून जास्त. एकट्या नकाशाला ते चालतं, पण दोन महिन्यांचे दोन नकाशे एकावर एक ठेवले की ग्रीन सरकलेली दिसते. उपाय जमिनीतच आहे. स्प्रिंकलर हेडची झाकणं आणि व्हॉल्व्हचे चौकोनी डबे वर्षानुवर्षं हलत नाहीत. मैदानभर पसरलेले असे आठ-दहा निवडा, चार कोपरे, मधले काही, सर्वांत उंच आणि सर्वांत खोल जागेचा एक-एक. त्यांची जागा सर्वेअरकडून एकदाच सेंटिमीटरच्या अचूकतेने मोजून घ्या. भारतीय सर्वेक्षण विभागाचं कॉर्स, म्हणजे जागा अचूक ठरवायला मदत करणाऱ्या कायम स्थानकांचं, जाळं महाराष्ट्रात उपलब्ध असल्याने हे आता पूर्वीइतकं किचकट राहिलेलं नाही. उड्डाणाच्या सकाळी त्या झाकणांभोवती फक्कीचं कडं मारायला सांगा. फोटोत ते ठळक दिसतं आणि दोन पाण्यांत धुऊन जातं.

संगणकावर

फोटो जोडून नकाशा करायला, पैसे खर्च करायचे असतील तर पिक्सफोरडी, मेटाशेप ही सॉफ्टवेअरं आहेतच. नसतील तर वेबओडीएम मोफत आहे आणि गोल्फच्या कामाला पुरेसं आहे. दीड हजार फोटोंना ६४ जीबी रॅम लागते असं धरा. तेवढी नसेल तर पुढचे नऊ आणि मागचे नऊ होल वेगवेगळे करा. रात्री लावून झोपा.

त्यातून दोन गोष्टी मिळतात. एक, सगळे फोटो जोडून झालेला, मोजता येणारा सलग नकाशा. दोन, उंचसखलपणाचा आराखडा. दोन्ही क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडा, तेही मोफत आहे. मोजमापाची पद्धत निवडताना पश्चिम महाराष्ट्र, कोकण, मराठवाड्याचा बराचसा भाग यांना यूटीएम या मीटरमध्ये मोजणाऱ्या नकाशापद्धतीचा विभाग ४३, आणि नागपूरसारख्या ७८ रेखांशाच्या पूर्वेच्या भागाला विभाग ४४. चुकीचा विभाग निवडला की क्षेत्रफळं थोडी-थोडी चुकतात, आणि ही चूक लवकर लक्षात येत नाही.

आता माउसने प्रत्येक ग्रीन, टी, बंकर (वाळूचा खड्डा) आणि फेअरवेची कड गिरवा. प्रत्येक स्प्रिंकलर हेडवर एक ठिपका ठेवा आणि त्याचा क्रमांक लिहा. कंटाळवाणं काम आहे, तीन-चार दिवस जातात. पण ड्रोनची निम्मी किंमत इथेच वसूल होते. समजा, अठरा ग्रीन्सचं क्षेत्रफळ तुम्ही कायम ९,९०० चौरस मीटर धरत आलात आणि मोजल्यावर ते ८,७०० निघालं. म्हणजे आजवर खत आणि बुरशीनाशक जवळजवळ १४ टक्के जास्त पडत होतं. हे दुर्मीळ नाही. ग्रीनची कड कापणारा माणूस कॉलरचं, म्हणजे ग्रीनभोवतीच्या कडेचं, गवत वाचवायला दर वेळी दोन बोटं आत सरकतो, आणि दहा वर्षांत ग्रीन अंग चोरून बसते. जुनी नकाशे किंवा मूळ आराखडा मिळाला तर तो खाली ठेवून बघा. पिन (भोकातला झेंडा) ठेवायला चांगले असलेले कोपरेच हरवलेले असतात.

फोटो वाचणं

सुरुवात पाण्यापासून करा. एप्रिल-मेमध्ये, पाणी कपातीच्या काळात, सगळं बोलकं होतं. हेडभोवती हिरवं कडं आणि पलीकडे पिवळं : दाब कमी आहे, पाणी लांब जात नाही. हेडजवळ पिवळं आणि दूर हिरवं : नोझलमध्ये कचरा आहे किंवा जवळ टाकणारं छिद्र बंद आहे. एसटीपीचं (सांडपाणी शुद्धीकरण केंद्राचं) पाणी वापरणाऱ्या मैदानांवर हे फार. एका व्हॉल्व्हखालची सगळी हेड्स फिकट : व्हॉल्व्ह किंवा टायमर. कडक उन्हात पिवळ्या फेअरवेतून एक हिरवीगार सरळ रेघ गेली असेल तर जमिनीखाली पाइप गळत असण्याची शक्यता मोठी.

थर्मल कॅमेरा इथे खरोखर कामाला येतो. तहानलेलं गवत बाष्प सोडणं कमी करतं आणि तापतं, डोळ्यांना ते अजून हिरवंच दिसत असतं. दुपारी एक ते तीन, आकाश निरभ्र, आणि आदल्या काही तासांत पाणी दिलेलं नाही, अशा वेळी उडा. पडद्यावर दिसणारे अंश खरे मानू नका, शेजारच्या भागापेक्षा किती गरम एवढंच बघा.

मल्टिस्पेक्ट्रलमधून येणारा एनडीव्हीआय हा गवताच्या जोमाचा निर्देशांक. तो म्हणजे अवरक्त प्रकाशातून लाल वजा करायचा आणि दोघांच्या बेरजेने भागायचं. शेतात, पिकांमध्ये मोकळी माती दिसत असते, तिथं तो छान फरक दाखवतो. दाट कापलेल्या हरळीवर तो लवकर वरच्या टोकाला पोचतो आणि सगळं सारखंच निरोगी दिसू लागतं. तिथं लाल-सीमेच्या, म्हणजे लाल आणि अवरक्त यांच्या मधल्या, प्रकाशावर आधारलेला एनडीआरई जास्त कामाचा.

रोग-किडीचं तारतम्य उंचीवर अवलंबून आहे. डॉलर स्पॉट या बुरशीजन्य रोगाचे डाग रुपयाच्या नाण्याएवढे. साठ मीटरवरून एका नाण्यावर दीड-दोन ठिपके पडतील, काही कळणार नाही. ग्रीन्ससाठी पंधरा मीटरवर उतरा, एक ठिपका अर्ध्या सेंटिमीटरच्या आत येतो. हुमणीचं उलट आहे. पहिल्या पावसानंतर भुंगेरे बाहेर पडतात आणि ऑगस्ट ते ऑक्टोबर मुळं खाल्लेले तपकिरी, वेडेवाकडे पट्टे फेअरवेवर वरून चांगले दिसतात. कावळे, साळुंक्या, बगळे एकाच जागी उकरताना फोटोत सापडले तर तो पुरावाच समजा. लव्हाळा हरळीत वेगळ्या हिरव्या रंगाचा दिसतो, विशेषतः कापल्यानंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी, कारण तो हरळीपेक्षा भराभर वाढतो. तणांसाठी मुद्दाम कापणीआधी उडा.

सावलीचा प्रश्न सोडवायला सोपी युक्ती आहे. डिसेंबरात एकाच सकाळी आठ, नऊ, दहा, अकरा वाजता त्याच ग्रीनवरून सरळ खाली फोटो घ्या आणि एकावर एक ठेवा. सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, म्हणून ग्रीनच्या दक्षिणेची आणि पूर्वेची झाडंच गुन्हेगार निघतात. संकरित हरळीला दिवसाचं सात-आठ तास ऊन लागतं. तेवढं मिळत नसेल तर तिथं खत वाढवून काही होत नाही. पण शहरातलं झाड तोडायला किंवा फांद्या छाटायला १९७५ च्या वृक्ष संरक्षण कायद्याखाली वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. ते चार फोटो अर्जाला जोडा. अख्खं झाड न मागता एक फांदी मागता येते.

उंचसखलपणाच्या आराखड्यावरून पाण्याचे उतार काढता येतात. पावसाळ्याआधी काढून ठेवा. बंकरमध्ये वाळूची खोली ड्रोनला कळत नाही, फक्त पृष्ठभाग कळतो. पण मे आणि ऑक्टोबरच्या आराखड्यांची वजाबाकी केली की पावसाने किती वाळू वाहून गेली ते येतं. शंभर चौरस मीटरच्या बंकरचा पृष्ठभाग पाच सेंटिमीटर खाली गेला, तर पाच घनमीटर, म्हणजे साधारण पावणेदोन ब्रास. ट्रक मागवताना हा आकडा हातात असलेला बरा. मात्र दोन-तीन सेंटिमीटरच्या फरकावर विश्वास ठेवू नका, तेवढी चूक आराखड्यातच असते.

आता फसवणारे डाग. मोअर ज्या दिशेने गेला त्या दिशेला गवत झुकतं आणि फिकट-गडद पट्टे पडतात, त्यात रोग शोधू नका. टॉप ड्रेसिंगनंतर (वरून वाळूचा पातळ थर पसरल्यावर) ग्रीन आठ-दहा दिवस फिकी असते. दव असताना सगळं रुपेरी दिसतं. ढगाची सावली फोटोत आली की नकाशात मोठा गडद डाग उमटतो, आणि संगणक त्याला दुष्काळाच्या उलट काहीतरी समजतो.

खाली उतरून

प्रत्येक संशयित जागेवर चालत जायचं. खिशात चाकू, मातीचा गाभा काढायची नळी, जमल्यास ओलावा मोजायचं यंत्र. पिवळ्याच्या मधोमध, कडेवर आणि बाहेरच्या हिरव्यात, अशा तीन जागी तपासा. फक्त पिवळ्यात तपासलं तर तुलनेला काही राहत नाही. गवत मुठीत धरून ओढा. गालिचासारखं उचलून आलं तर हुमणी, घट्ट बसलेलं असेल तर दुसरं कारण शोधा. मी स्वतः एकदा नकाशा पाहून एका ग्रीनवर बुरशी असल्याचं ठामपणे सांगितलं होतं. गुडघ्यावर बसल्यावर कळलं की मोअरमधून हायड्रॉलिक तेल गळत गेलं होतं. डागांची रांग सरळ होती, हे मला आधीच दिसायला हवं होतं.

घार, टिटवी, मोहोळ आणि सभासद

शहराजवळच्या मैदानांवर घारी हमखास असतात आणि त्यांना ड्रोन आवडत नाही. घार झेपावली तर खाली पळू नका, सरळ वर चढा. उभ्या चढाईत तिला पाठलाग जड जातो. घरट्यांच्या दिवसांत ठरावीक झाडं टाळा. टिटवी उघड्या जमिनीवर, रफमध्ये (फेअरवेबाहेरच्या उंच गवतात) नाहीतर बंकरच्या कडेला अंडी घालते. मार्च ते ऑगस्ट कमी उंचीची उड्डाणं तिच्यापासून लांबच ठेवा, आणि जागा सापडली तर मोअरवाल्याला दाखवून द्या.

आग्या मोहोळाची गंमत नाही. उंच झाडांवर, क्लबहाऊसच्या छज्जाखाली ती असतात. ड्रोनच्या आवाजाने आणि वाऱ्याने माश्या खवळल्या तर ड्रोनला काही होणार नाही, खाली उभ्या माळ्याला आणि कॅडीला होईल. उड्डाणाआधी सगळ्या मोहोळांच्या जागा विचारून नकाशावर लाल फुली मारा.

अनेक क्लबांमध्ये सोमवारी खेळ बंद असतो, तोच उड्डाणाचा दिवस. खेळ चालू असताना उडावंच लागलं तर उतरण-चढणीची जागा टीच्या मागे ठेवा. साठ मीटरवर चेंडू सहसा पोचत नाही, धोका ड्रोन खाली असतानाच. कुंपणालगतच्या इमारतींच्या गच्च्या आणि खिडक्या फोटोत येत असतील तर मार्ग आखतानाच हद्द आत घ्या, आणि नकाशा सभासदांच्या व्हॉट्सॲप गटावर टाकण्याआधी बाहेरचा भाग कापा.

विदर्भात मेमध्ये बॅटरी गाडीत ठेवू नका. गरम बॅटरी चार्जला लावू नका. महिनाभर काम नसेल तर निम्म्या चार्जवर ठेवा.

वर्षाचा क्रम

संपूर्ण नकाशा वर्षातून चारदा पुरतो : मार्च, मेअखेर, ऑक्टोबर, डिसेंबर. ग्रीन्स दर पंधरा दिवसांनी, पंधरा मीटरवरून, अर्ध्या तासात होतात. जून ते सप्टेंबर उघडीप मिळेल तशी, पण एका मोठ्या पावसानंतर दोन तासांच्या आत एक उड्डाण जमवाच. साचलेल्या पाण्याची तळी तेव्हाच दिसतात, दुसऱ्या दिवशी फक्त चिखल उरतो. मार्ग दर वेळी तोच, उंची तीच, वेळ तीच. फाइलला तारीख आणि होल क्रमांक, त्या दिवशी पाणी केव्हा दिलं, कापणी केव्हा झाली, खत केव्हा पडलं, एवढी नोंद सोबत. या चार ओळींशिवाय दोन वर्षांनी ते फोटो कुणालाही वाचता येत नाहीत.

आणि निष्कर्ष काढण्याआधी प्रत्येक होल ए-थ्री कागदावर छापून मुकादमासमोर ठेवा, एक लाल पेन द्या. सुरुवातीला सांगितलेल्या त्या मैदानावर बाराव्या फेअरवेवर मेमध्ये हिरवी रेघ दिसली होती. मी पाइप गळतोय असं धरून खोदायची जागा आखून ठेवली होती. बावीस वर्षं तिथं काम केलेल्या मुकादमांनी कागद उलटा धरला, पुन्हा सुलटा केला आणि म्हणाले, “साहेब, इथं नाला होता. मैदान करताना मुरूम टाकून बुजवला. पाणी अजून खालनं जातंय.” त्यांनी पेनने नाल्याची पूर्ण वाट काढून दाखवली, कुंपणापर्यंत. ती वाट आता क्यूजीआयएसमध्ये निळ्या रंगाचा वेगळा थर आहे, आणि तिथली दोन हेड्स उन्हाळ्यात आम्ही बंद ठेवतो.